‘पिकअप’मध्ये पाहुण्याला कुठे बसवायचं?

प्रश्न : मी वारज्याला राहते, वय ४४. शाळा भोरला, मराठी माध्यमातून, पुढे बी.कॉम. मुलगी मोठी झाल्यावर हिंजवडीतल्या एका कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर लागले. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या लावणं हे माझं काम. मागच्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘ड्रायव्हर विल पिकअप यू फ्रॉम एअरपोर्ट.’ एका तरुण सहकाऱ्याने लगेच खाली टाकलं, ‘पिक यू अप, मॅडम’, आणि पुढे हसणारे चेहरे. पाहुणाही त्याच ग्रुपवर होता. मग मी घाबरून ‘अप’च काढलं आणि ‘विल पिक यू’ लिहायला लागले, तर तेही चूक म्हणाला. नववीतली मुलगी म्हणते, ‘आई, ते तसंच असतं, कारण नको विचारूस.’ नवरा म्हणतो, गाडी वेळेवर पोचली ना, मग झालं. मला मात्र आता प्रत्येक मेसेज पाठवताना धडधडतं. याला नियम आहे का? ‘ड्रॉप’लाही काही शेपूट लागतं का? एका क्लासवाल्यांनी तीन महिन्यांचे बावीस हजार सांगितलेत. भरू का?
– एक वाचक, वारजे

उत्तर : ताई, नियम आहे आणि तो लहान आहे, म्हणून आधी तोच सांगते. ज्याला घ्यायचंय त्याच्यासाठी ‘मी, यू, हिम, हर, इट, अस, देम’ यांतलं काही वापरलं असेल, तर ते ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्या मधेच बसतं. ‘पिक यू अप’, ‘पिक हर अप’, ‘पिक देम अप’. सर्वनामाऐवजी नाम असेल, तर तुम्हाला मोकळीक आहे. ‘पिक अप द गेस्ट’ म्हणा नाहीतर ‘पिक द गेस्ट अप’ म्हणा, दोन्ही बरोबर. म्हणजे तुमच्या वाक्यात ‘यू’च्या जागी ‘द गेस्ट’ असतं, तर त्या मुलाला बोट ठेवायला जागाच राहिली नसती.

आता मुलीने जे विचारू नकोस म्हणून सांगितलं, ते कारण. ते निम्मं इंग्रजीत आहे आणि निम्मं पुण्यात.

पुण्यातलं आधी. ‘पिकअप’ हा शब्द आता आपला झालाय. ‘मी लेकीला क्लासवरून पिकअप करते.’ ‘पिकअप पॉइंट वाकड ब्रिज.’ ‘आज पिकअपला उशीर होणार.’ ‘या गाडीला पिकअपच नाही, चांदणी चौकाच्या चढाला मान टाकते.’ मार्केट यार्डात तर पिकअप म्हणजे चारचाकी मालगाडी, ती भरतात आणि रिकामी करतात. तुमचे ड्रायव्हरसुद्धा फोनवर ‘मॅडम, गेस्ट पिकअप झाला, निघालो’ असंच सांगत असणार. आपण दोन इंग्रजी शब्द एकाच पाकिटात घालून पाकीट चिकटवून टाकलंय. त्याला ‘करणे’ जोडलं की क्रियापद तयार, आणि ज्याला घ्यायचं तो बाहेर राहतो. ‘तुला पिकअप करते’ यात ‘तुला’ आपल्या जागी सुखात आहे.

पंचाईत होते ती उलट दिशेने जाताना. इंग्रजी लिहायला बसलो की हे पाकीट न फोडता तसंच वाक्यात ठेवतो. म्हणून ‘पिकअप यू’. म्हणून काही जण भूतकाळात ‘पिकअप्ड’ असंही लिहितात, कारण प्रत्यय शेवटी लागतो हे आपल्या हाताला ठाऊक असतं आणि शेवट कुठला याचा घोळ होतो. क्रियापद तिथे फक्त ‘पिक’ आहे, म्हणून काळाचे सगळे बदल त्याच्या अंगावर: ‘पिक्स अप’, ‘पिक्ड अप’, ‘पिकिंग अप’. ‘अप’ला कोणी हात लावत नाही.

इंग्रजीतही चिकटलेला ‘पिकअप’ आहे बरं का, पण तो नाम आहे. ‘युवर पिकअप इज ॲट सिक्स’ बरोबर. तिथे तो एकच शब्द, कुणी मधे आडवी रेघ देऊन लिहितात. बोलताना नामात जोर पहिल्या तुकड्यावर येतो, ‘पिक’वर. क्रियापदात ‘पिक यू अप’ म्हणताना जोर ‘अप’वर येतो आणि मधलं ‘यू’ जवळजवळ गिळलं जातं. हे एकदा मोठ्याने म्हणून बघा, कारण नियमाचं इंग्रजीतलं निम्मं कारण त्या उच्चारातच आहे. इंग्रजी वाक्यात शेवटची जागा मानाची असते. जे नवं किंवा वजनदार, ते तिथे जातं. ‘यू’, ‘हिम’, ‘इट’ ही मंडळी आधीच माहीत असलेल्या माणसाकडे नुसतं बोट दाखवतात. त्यांना शेवटी बसवलं की कानाला खटकतं, म्हणून ती मधे सरकतात. उलट पाहुण्याचं वर्णन लांबलचक असेल, तर ते ‘अप’च्या पुढेच ठेवायचं. ‘प्लीज पिक अप द टू गेस्ट्स कमिंग फ्रॉम मुंबई बाय द डेक्कन क्वीन’ हे सरळ वाचता येतं. हेच सगळं ‘पिक’ आणि ‘अप’च्या मधे कोंबलं, तर बिचारं ‘अप’ डेक्कन क्वीन पुणे स्टेशनात शिरेपर्यंत ताटकळत राहील.

तुम्ही म्हणाल, एवढं फोडाफोडीचं क्रियापद करायचंच कशाला? आपणही करतो. ‘बोलला’, ‘बोलून गेला’, ‘बोलून दाखवलं’, ‘बोलून टाकलं’ यांत बोलणं एकच आहे, पण चारही प्रसंग वेगळे. ‘भलतंच बोलून गेला’ म्हटल्यावर कुठे गेला, असं कोणी विचारत नाही. तसंच ‘पिक अप’मधलं ‘अप’ म्हणजे दर वेळी ‘वर’ नव्हे. आणि आपली ही जोडी मधे दार उघडतेसुद्धा: ‘एकदा करून तरी बघ’, ‘बोलून एकदाचं टाकलं’. ‘करून बघ तरी’ म्हटलं की रोख बदलतो, हे तुम्हाला कोणी शिकवलेलं नाही, कानाने कळतं. हे सगळं ज्याला परकी भाषा म्हणून शिकावं लागतं, त्याला विचारा काय घाम फुटतो ते.

इंग्रजांनाही हे माहीत होतं. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की क्रियापदामागे एखादा छोटा शब्द जोडून अर्थ फिरवायची ही जी इंग्रजीची रीत आहे, तिचा परक्या माणसांना सगळ्यात जास्त जाच होतो. तेव्हा तुम्ही अडखळलात ती जागा पावणेतीनशे वर्षांपूर्वीच नोंदवलेली आहे. मुलीच्या पुस्तकात याला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणत असतील. हे नाव मात्र छापून आलं १९२५ साली, त्या मानाने बरंच अलीकडे.

आता ‘अप’ काढून टाकल्यावर काय झालं ते पाहू, कारण तुमची दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. ‘पिकअप यू’ वाचून पाहुण्याला अर्थ कळतो आणि तो पुढे जातो. ‘वी विल पिक यू’ वाचून तो थबकतो. एकट्या ‘पिक’चा पहिला अर्थ निवडणे. ‘आम्ही तुमची निवड करू’ असा निरोप विमानात बसण्यापूर्वी मिळाला, तर माणसाला वाटेल आपण मुलाखतीलाच चाललोय. आपल्याकडे बोलण्यात ‘पिक मी फ्रॉम स्वारगेट’ सर्रास चालतं, दोघेही इथलेच असल्यामुळे निभावतं. पण तुमचा निरोप बाहेरच्या माणसाला जातो, म्हणून तुम्ही ‘अप’ सोडू नका.

‘पिक’ आणि ‘पिक अप’ यांतला फरक मला सगळ्यात चांगला दिसतो तो सकाळी फुलं गोळा करणाऱ्यांत. कोथरूड, एरंडवण्याच्या गल्ल्यांत पहाटे फिरायला निघालेले काही सज्जन हातात प्लास्टिकची पिशवी आणि आकड्याची काठी बाळगून असतात. दुसऱ्याच्या कुंपणातली जास्वंदीची फांदी वाकवायची, कळीसकट फूल खुडायचं आणि इकडेतिकडे न बघता पुढे व्हायचं. हे ‘पिकिंग फ्लॉवर्स’. त्याच गल्लीत प्राजक्ताखाली ओणवून कोणी आजी एकेक फूल वेचत असतात, जमिनीवर पडलेलं, देठ वर करून. त्या ‘पिकिंग अप फ्लॉवर्स’. झाडावरून तोडलं तर नुसतं ‘पिक’, खाली पडलेलं उचललं तर ‘पिक अप’. सोसायटीच्या फाटकावर ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी असते, ती इंग्रजीत करायची तर ‘प्लीज डू नॉट पिक द फ्लॉवर्स’. रंगवणाऱ्याने हौसेने त्यात ‘अप’ घातलं, तर आजींचा प्राजक्तही बंद व्हायचा आणि काठीवाले मोकळे सुटायचे.

म्हणजे ‘पिक अप’चा मूळ अर्थ, पडलेलं किंवा ठेवलेलं उचलणे. जमिनीवरचं फूल, टेबलावरची किल्ली, रडणारं पोर. त्यातूनच थांबलेल्या माणसाला गाडीत घेणे हा अर्थ आला. वाकड ब्रिजखाली बॅग घेऊन उभा असलेला माणूस आपण जाता जाता उचलतो, म्हणून ‘पिक अप’. मराठी रिक्षावालाही ‘स्टेशनवरून एक पॅसेंजर उचलला’ असंच म्हणतो, तेव्हा हा अर्थ आपल्याला परका वाटायचं कारण नाही.

तुमच्या मेसेजकडे परत येते, कारण त्यात आणखी एक गोष्ट होती जी हसणाऱ्याच्या नजरेतून सुटली. ‘फ्रॉम एअरपोर्ट’ नव्हे, ‘फ्रॉम द एअरपोर्ट’. ‘पुणे एअरपोर्ट’ असं नाव घेतलं तर मात्र ‘द’ नको. ‘फ्रॉम’ की ‘ॲट’ याची चिंता करू नका, दोन्ही चालतात: ‘पिक यू अप ॲट द एअरपोर्ट’, ‘पिक यू अप फ्रॉम द एअरपोर्ट’. वेळ पुढे ‘ॲट सिक्स’ अशी येणार असेल, तर मी ठिकाणाला ‘फ्रॉम’ लावते, म्हणजे दोन ‘ॲट’ एकमेकांना धडकत नाहीत. तर लोहगावला उतरणाऱ्या पाहुण्यासाठी तुमचा मेसेज असा होईल:

‘अवर ड्रायव्हर विल पिक यू अप फ्रॉम पुणे एअरपोर्ट ॲट सिक्स पीएम टुमारो. ही विल बी वेटिंग आउटसाइड अरायव्हल्स विथ अ बोर्ड. प्लीज कॉल हिम वन्स यू हॅव पिक्ड अप युवर बॅग्ज.’

शेवटच्या वाक्यात ‘पिक अप’ पुन्हा आलंय ते पाहिलंत? ‘युवर बॅग्ज’ हे नाम आहे, म्हणून बाहेर बसलं तरी बिघडत नाही. या मजकुराखाली ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर आणि फोन. पाहुण्याला खरी गरज त्याचीच असते.

प्रश्न विचारायचा असेल तेव्हा लोक जास्त गडबडतात. ‘व्हॉट टाइम शुड वी पिक यू अप?’, ‘व्हेअर शुड वी पिक यू अप?’, एवढी दोन तोंडात बसवली की तुमचं निम्मं काम झालं. गाडी बदलली, विमान उशिरा आहे, असं असेल तर ‘यू विल नाऊ बी पिक्ड अप ॲट सेव्हन’. इथे मधे कोणी नाही, कारण ‘यू’ आधीच पुढे जाऊन बसलाय. पाहुणे दोन ठिकाणांहून घ्यायचे असतील तर ‘वी विल पिक हर अप फर्स्ट अँड देन कम टु युवर हॉटेल’. आणि ऑफिसात कोणी विचारलं की त्या तिघांचं काय झालं, तर ‘द ड्रायव्हर हॅज ऑलरेडी पिक्ड देम अप’.

फोनचं प्रकरण वेगळं काढते, कारण त्यात पुण्यातली बहुतेक ऑफिसं एकाच सुरात चुकतात. ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल.’ तुमचा तो सहकारीही हेच म्हणत असेल, कान देऊन ऐका. पूर्वी फोनचा रिसीव्हर खरोखर उचलावा लागायचा, म्हणून ‘पिक अप द फोन’, आणि आपणही ‘फोन उचल’ म्हणतो. उचलायचा तो फोन. कॉल उचलायचा नसतो, घ्यायचा असतो, म्हणून ‘आन्सर माय कॉल’ किंवा ‘टेक माय कॉल’. आणि सगळ्यात सोपं, कर्माशिवायचं: ‘आय कॉल्ड हिम ट्वाइस बट ही डिडन्ट पिक अप.’ इतकंच. काय उचललं नाही हे सांगावं लागत नाही.

बाकीचे अर्थ झरझर सांगते. वाटेत थांबून काही घेणे: ‘कॅन यू पिक अप सम मिल्क ऑन द वे होम?’ मंदावलेलं पुन्हा जोर धरणे: ‘बुकिंग्ज पिक अप बिफोर दिवाळी.’ राहिलेल्या जागेवरून पुढे सुरू करणे: ‘लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ.’ बिल भरणे: ‘द कंपनी विल पिक अप द बिल’, हे वाक्य मित्रांमध्ये फारसं ऐकू येत नाही. मागे ‘आफ्टर’ लावलं की दुसऱ्याने टाकलेला पसारा आवरत बसणे: ‘आय ॲम टायर्ड ऑफ पिकिंग अप आफ्टर यू.’ हे नववीतल्या मुलीवर आजच वापरता येईल, आणि तिने कारण विचारलं तर खोलीकडे बोट दाखवा. एक अर्थ फक्त माहीत असू द्या. कुठे भेटलेल्या अनोळखी व्यक्तीला पटवणे यालाही ‘पिक अप’ म्हणतात. वाक्यात विमानतळ, हॉटेल, वेळ असेल तर कोणाच्या मनात तो येत नाही, पण ‘ही पिक्ड अप अ वुमन ॲट द बार’ हे वाक्य तुम्ही ड्रायव्हरबद्दल सहज म्हणून लिहू नका.

‘शिकणे’ या अर्थावर मात्र जरा थांबते. वर्ग नाही, पुस्तक नाही, कानावर पडून जे येतं ते ‘पिक अप’. हिंजवडीत कामाला आलेल्या माणसाची मुलं सोसायटीच्या खाली खेळता खेळता मराठी बोलायला लागतात: ‘द किड्स पिक्ड अप मराठी फ्रॉम देअर फ्रेंड्स.’ इथे ‘लर्न्ड’ चालेल, पण त्यातून कष्ट करून शिकल्याचा वास येतो. ‘पिक अप’मध्ये नकळत अंगी लागण्याचा भाव आहे. मुलाखतीत ‘आय पिक्ड अप बुकिंग सॉफ्टवेअर ऑन द जॉब’ असं म्हटलंत, तर ते तुमच्या बाजूचंच बोलणं आहे. तसं सर्दीही माणूस ‘पिक अप’ करतो, मुलं शाळेतून शिव्याही. न मागता चिकटणारं सगळं यात येतं.

एक धोक्याची सूचना. हा मधे बसवण्याचा नियम सगळ्या जोड्यांना लावू नका. ‘ड्रॉप हिम ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’, ‘पुट इट ऑफ’, ‘फिल इट इन’, ‘स्विच इट ऑफ’ इथे तो चालतो. ‘लुक आफ्टर हिम’ला चालत नाही, ‘लुक हिम आफ्टर’ असं काही नसतं. ‘वेट फॉर मी’चंही तसंच. कुठली जोडी फुटते आणि कुठली नाही हे पाठ करत बसायची गरज नाही. ऑक्सफर्ड आणि लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांत फुटणाऱ्या जोडीमध्ये दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण छापलेला असतो. बाण दिसला की नाम आतही बसतं आणि बाहेरही, सर्वनाम मात्र आतच. बाण नसेल, तर शेजारचं उदाहरण वाचायचं आणि त्याच्यासारखं लिहायचं. तुमच्या मुलीच्या शाळेतल्या पुस्तकापेक्षा तो बाण जास्त उपयोगी पडेल.

आता त्या मुलाबद्दल. त्याने दुरुस्त केलेलं वाक्य बरोबर होतं, जागा चुकीची निवडली. पाहुण्यासमोर वयाने मोठ्या सहकारिणीची चूक दाखवून वर हसणारे चेहरे टाकणं यालाही इंग्रजीत ‘पिक’चीच एक जोडी आहे, ‘पिक ऑन समवन’. एखाद्याला धरून टोचत राहणे. (ही जोडी फुटत नाही, ‘डोन्ट पिक ऑन मी’ असंच.) एकदाच झालं असेल तर फार मनावर घेऊ नका, चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन मराठीतच सांगा: ‘हे बघ, माझं काही चुकलं तर मला वेगळा मेसेज टाक, मी लगेच बदलते. पाहुण्यासमोर नको.’ व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पहिल्या १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, तेव्हा त्याने वेळेवर सांगितलं तर ग्रुपवर मेसेजशेजारी ‘एडिटेड’ एवढंच बारीक अक्षरात दिसेल. तुमचं सांगणं ऐकूनही तो तसंच करत राहिला, तर मात्र तुमच्या वरिष्ठांच्या कानावर घाला. तो इंग्रजीचा प्रश्न उरत नाही.

यजमानांचं म्हणणं अर्धं पटतं. गाडी वेळेवर पोचली हे तुमच्या कामात सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते तुम्ही करताय. पण त्या मेसेजवर कंपनीचं नाव असतं आणि धडधड तुमच्या छातीत होते, त्यांच्या नाही. तेव्हा ‘मग झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

बावीस हजार भरू नका. निदान आत्ता नको. अशा क्लासात बहुतेकदा फ्रेझल व्हर्बची लांबलचक यादी हातात देतात, ‘ए’पासून सुरू होते आणि ‘बी’पर्यंत लोकांचा उत्साह टिकतो. तुमचं काम ठरावीक आहे आणि तुमची वाक्यंही ठरावीक. या रविवारी फोन घेऊन बसा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही पाहुण्यांना काय काय पाठवलं ते वर सरकवून बघा. तीच दहा-बारा वाक्यं फिरून फिरून आलेली दिसतील: गाडी येतेय, ड्रायव्हर बाहेर उभा आहे, वेळ बदलली, गाडी रद्द, पाहुणा आलाच नाही, हॉटेलचं चेक-इन कितीला. ती वहीत उतरवा, एकेक नीट करून घ्या. गाडी रद्द झाली तर ‘द ट्रिप हॅज बीन कॉल्ड ऑफ’. पाहुणा आलाच नाही तर ‘द गेस्ट डिडन्ट टर्न अप’. दुरुस्त केलेली वाक्यं फोनमध्ये एका जागी साठवून ठेवा आणि तिथून उचलून वापरा. ती बोटांत बसल्यावरही बोलताना अडतंय असं वाटलं, तर बोलण्याचा सराव करून घेणारा एखादा लहान वर्ग शोधा, आणि पैसे भरायच्या आधी एक तास फुकट बसू देतात का ते विचारा. जो नाही म्हणेल तिथे जाऊ नका.

राहता राहिलं ‘ड्रॉप’. तिथे शेपूट ऐच्छिक आहे. ‘वी विल ड्रॉप यू ॲट द हॉटेल’ बरोबर आणि ‘वी विल ड्रॉप यू ऑफ ॲट द हॉटेल’ही बरोबर. ‘ऑफ’ घेतलंत तर ‘यू’ पुन्हा मधेच. आपल्याकडे गाडीवाल्यांच्या पाट्यांवर ‘पिक अँड ड्रॉप’ असतं, तुम्ही पाहुण्याला लिहिताना ‘पिकअप अँड ड्रॉप-ऑफ’ लिहा. फक्त ‘ड्रॉप ऑफ’च्या मधे किंवा पुढे कोणीच नसेल, तर अर्थ फिरतो. संध्याकाळी हिंजवडीहून विमानतळाकडे निघालेल्या पाहुण्याने तासाभराने ‘सॉरी, आय ड्रॉप्ड ऑफ’ असं कळवलं, तर तो वाटेत कुठे उतरला म्हणून ड्रायव्हरला फोन लावू नका. त्याचा गाडीत डोळा लागला होता.